सामाईक विहीर

रामटेकच्या गडावर, देवळाच्या पायऱ्या सुरू होतात तिथल्या चहाच्या टपरीपाशी माझा मित्र थांबला. "तुम्ही या जाऊन, मी इथीसाच बसतो." सोबत बँकॉकहून आलेल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांना वाटलं, याचे गुडघे दुखत असतील. त्यांनी पिशवीतून हिरव्या मलमाची इवलीशी डबी काढून त्याच्या हातावर ठेवली. त्यानेही ती मुकाट्याने घेतली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

गुडघे ठणठणीत आहेत त्याचे. रोज सकाळी पाच किलोमीटर चालतो. मित्र इंदोऱ्याचा, म्हणजे नागपुरातल्या बौद्ध वस्तीतला, माझा शाळेपासूनचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्याचे आजोबा पांढरे कपडे घालून नागपूरच्या त्या मैदानात उभे होते. बाबासाहेबांनी तेव्हा दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली दुसरी, राम आणि कृष्ण यांना देव न मानण्याची, त्यांची उपासना न करण्याची. मित्र ती पाळतो. वाद घालत नाही, टोमणा मारत नाही. आम्हाला गाडी चालवत रामटेकला घेऊन आला तो तोच. फक्त देवळात जात नाही.

गंमत अशी की बाईही बौद्धच. पिढ्यान् पिढ्यांच्या. गेल्या दसऱ्याला दीक्षाभूमीच्या सोहळ्यासाठी त्या आल्या होत्या आणि मित्राच्या विहारातल्या लोकांनी त्यांची उतरायची सोय केली होती. आम्ही त्यांना 'ख्रू' म्हणायला लागलो होतो. थाई भाषेत शिक्षकाला ख्रू म्हणतात, म्हणजे आपला गुरूच. समुद्र ओलांडताना जरा घसा बसलेला. तर ख्रूंना रामाचं देऊळ बघायचंच होतं. त्यांच्या देशात राजालाच राम म्हणतात, आत्ताचा दहावा. बँकॉकच्या राजवाड्याच्या आवारात त्यांचं सगळ्यांत पूज्य बुद्धमंदिर आहे, हिरव्या पाषाणातल्या बुद्धाचं. त्या मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर रामकथेची १७८ चित्रं आहेत. आत बुद्ध आणि भोवती रामायणाचं कुंपण. पायऱ्या चढता चढता हे ऐकत होतो, आणि खाली टपरीवर बसलेल्याला हे कसं सांगावं असा विचार मनात चालला होता.

वर एका वानराने कुणाच्या तरी हातातली प्रसादाची पुडी हिसकली, तेव्हा ख्रूंनी विचारलं, "तुमच्या हनुमानाच्या बायका किती?"

मी म्हटलं, एकही नाही. बालब्रह्मचारी.

त्या इतक्या हसल्या की कठड्याला धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या रामकियनमधला, म्हणजे थाई रामायणातला हनुमान चांगलाच रंगेल. सेतू बांधायच्या वेळी समुद्रातली एक मत्स्यकन्या दगड पळवते, तिला पकडायला हा पाण्यात उडी मारतो आणि प्रेमातच पडतो. ती असते रावणाची मुलगी. त्यांना मुलगाही होतो, वरून वानर आणि खालून मासा. म्हणजे मारुतराय रावणाचे जावईच म्हणायचे! दर शनिवारी तेल घालणाऱ्या माझ्या आईच्या कानावर हे पडलं नाही ते बरं.

गडावरून खालचे तलाव दिसतात. मला तिथे उभं राहिलं की मास्तरकी सुचते. यक्ष इथूनच ढगाला पत्ता सांगत होता, हे मी त्यांना सांगितलं. 'मेघदूता'तली रामगिरी म्हणजे हेच रामटेक, हे संशोधक वा. वि. मिराशींनी आग्रहाने मांडलं. त्या काव्याचं भाषांतर तंजूर या तिबेटी बौद्ध ग्रंथसंग्रहात जाऊन बसलं. सिंहली कवींनी ढग सोडून मोर, हंस, मैना यांच्या पायांत निरोप बांधले आणि तसलीच संदेशकाव्यं शतकानुशतकं लिहिली. एका डोंगरावरून निघालेला ढग किती देशांवर बरसला बघा, असं काहीतरी मी म्हणालो. आंतरराष्ट्रीय परिषदांच्या उद्घाटनाला नागपुरात आम्ही हेच म्हणतो. 'सांस्कृतिक सेतू' हा शब्द तर निमंत्रणपत्रिकेत आधीच छापलेला असतो. मीही अशा भाषणांना मान डोलावलेली आहे, एकदोनदा भाषणही केलेलं आहे.

ख्रू ऐकून घेत होत्या. परतताना, गाडीने मनसर ओलांडल्यावर, त्यांनी शांतपणे त्यांच्या भाचीची गोष्ट सांगितली.

भाची सुरिन प्रांतात शाळेत शिकवते. कंबोडियाच्या सीमेला लागून. तिथल्या कितीतरी घरांत थाई नाही, ख्मेर बोलतात, भाचीच्या सासरीही. २४ जुलै २०२५ ला सकाळी सीमेवरच्या ता मुएन थोम या देवळापाशी गोळीबार सुरू झाला आणि पाच दिवस तोफा चालल्या. गावं रिकामी केली. भाचीने पाच दिवस एका शाळेच्या वर्गात सतरंजीवर काढले, ज्यांना रोज शिकवते त्याच पोरांच्या शेजारी. देऊळ कुणाचं, तर शंकराचं. सैनिक दोन्हीकडचे बौद्ध. दोन्ही देशांत भिक्खूंचा वर्षावास चालू होता. म्हणजे इकडच्या आणि तिकडच्या विहारांतून सकाळ-संध्याकाळ तेच पाली शब्द ऐकू येत असणार, मधून तोफ.

"आमची पोथी एकच आहे," ख्रू म्हणाल्या. 'पोथी' हा अर्थातच माझा शब्द, त्यांनी इंग्रजीत काहीतरी जड शब्द वापरला होता. पण घराला बांधून ठेवणारं, चौरंगावर ठेवलेलं, ज्याची उदाहरणं भांडणातही दिली जातात असं जे काही असतं, त्याला माझ्या घरात पोथीच म्हणत.

घरी आल्यावर मी या दोन शेजाऱ्यांचं जरा वाचत बसलो. वाचावं तितकं थोडं. प्रेह विहेअरचं देऊळ कुणाचं, यावर ते हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. १९६२ मध्ये निकाल कंबोडियाच्या बाजूने लागला, आणि २००८ नंतर त्याच डोंगरावर पुन्हा गोळ्या चालल्या. २००३ मध्ये एका थाई नटीने 'अंगकोर वाट आमचंच' म्हटल्याची नुसती अफवा उठली आणि नॉम पेन्हमधली थाई वकिलात जाळली गेली. २०१८ मध्ये युनेस्कोच्या एकाच बैठकीत थायलंडचं 'खोन' आणि कंबोडियाचं 'ल्खोन खोल' अशा दोन मुखवटानाट्यांना मान्यता मिळाली. दोन्ही रामकथेची. पण त्याआधी किती दिवस दोन्हीकडची तरुण पोरं मोबाइलवर एकमेकांना शिव्या घालत होती, की मूळ आमचं, चोरी तुमची.

मला सगळ्यांत लागलं ते मात्र जुनंच. थाई लोकांची जुनी राजधानी अयुथ्या. नाव आपल्या अयोध्येवरून. अयोध्या म्हणजे जिच्याशी युद्ध करता येत नाही ती. १७६७ मध्ये ती जाळून सपाट केली ब्रह्मी सैन्याने. तेही बौद्ध. जाताना त्यांनी कैदी नेले, त्यांत दरबारातले नर्तक होते, आणि ब्रह्मदेशाच्या दरबारात रामायणाचं नृत्यनाट्य रुजलं ते या कैद्यांकडून, असं सांगतात. सेतू म्हणतो आपण. लुटीच्या गाडीतूनही रामायण जातं.

हे वाचताना मला आशिया आठवला नाही. काटोल तालुक्यातलं आमचं गाव आठवलं.

आमची विहीर आबाजींनी खोदली, म्हणजे माझ्या आजोबांनी. वाटणी झाली तेव्हा संत्र्याची झाडं मोजून निम्मी झाली, घराच्या मधून भिंत गेली, पण विहीर चिरता येईना. सातबाऱ्यावर इतर हक्कांत लिहिलं गेलं : सामाईक विहीर, हिस्सा निमे-निम. ज्याला शेती नाही त्याला हे वाचून बरं वाटेल. 'सामाईक' किती गोड शब्द. ज्याला आहे तो विचारील, मोटार कितीची आणि पाळी कशी?

आंबिया बहार घ्यायचा तर संत्र्याला डिसेंबरात ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची. मग जानेवारीत ताण तोडायचं पहिलं पाणी द्यायचं, म्हणजे झाड फुलावर येतं. हे पाणी सगळ्यांना एकाच आठवड्यात हवं असतं. एक विहीर, पाच एचपीची एक मोटार, आणि लाइन आठ तास, तीही कधी रात्रीची. मी दहावीला होतो त्या जानेवारीत मोठ्या बाबांनी स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातलं. बाबांनी ते तोडलं नाही. त्यांनी शेजारी दुसरं घातलं. दोन कुलुपं, दोन किल्ल्या, दोन घरं. तीन दिवस मोटार बंद आणि विहीर काठोकाठ.

आता सांगायचं ते पुढेच. आमचं गाव तुकडोजी महाराजांचं. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना व्हायची. भारतात बंधुभाव वसू दे असा वर मागणारं महाराजांचं भजन आमच्याकडे रोज म्हटलं जाई. बाबा खंजिरीवर, मोठे बाबा पेटीवर. त्या तीन दिवसांतही दोघे आले. ताल चुकला नाही, सूर हलला नाही. कुणी नवखा आला असता तर म्हणाला असता, काय जोडी आहे भावांची! बंधुभाव मागून झाला की दोघे दोन वाटांनी घरी जात. मोठी आई आणि आई मात्र अंधारात, गोठ्यामागे, एकमेकींना भाजी देत. त्यांचं हे राजकारण दोन्ही पुरुषांना ठाऊक होतं, पण तो विषय वेगळा.

बंधुभाव आणि भाऊबंदकी, दोन्ही शब्दांत भाऊ तोच आणि बंधही तोच. परक्याशी भाऊबंदकी होत नाही. थायलंडने कधी पेरूशी देवळावरून भांडण केल्याचं ऐकिवात नाही. सामाईक वारशाने माणसं जोडली जातात, हे खरंच. सातबाऱ्यावर जोडली जातात तशी.

चौथ्या दिवशी भजन मंडळातल्या एका म्हाताऱ्याने दोघांना बसवलं. उपदेश केला नाही. चौरंगावरची ग्रामगीता उचलली, तिच्या मागच्या कोऱ्या पानावर शाईच्या पेनने लिहिलं : सोम-मंगळ-बुध एकाचे, गुरू-शुक्र-शनी दुसऱ्याचे, रविवार विहिरीचा. खाली दोघांच्या सह्या. "कागदावर लिहून देलं तं उद्या फाडसान," तो म्हणाला. "हे फाडून दाखवा."

कुणी फाडलं नाही. त्याने भाऊ बोलायला लागले असंही नाही. पण त्या पानाखाली हळूहळू हिशेब साठत गेला. 'मंगळवारी लाइन नव्हती, चार तास बाकी.' 'शनिवारचे दोन तास लग्नामुळे सोडले, उसने.' पुढे पान पुरेना तेव्हा आतल्या मुखपृष्ठावरही लिहिलं. एकेचाळीस अध्याय छापील आणि बेचाळिसावा आमच्या हातचा. बाबा गेल्यावर ती प्रत नागपुरात माझ्याकडे आली.

देशांचंही मला आता असंच दिसतं. भारत आणि बांगलादेश दोघांचीही राष्ट्रगीतं रवींद्रनाथांची. पाकिस्तान सरकारने १९६७ मध्ये त्यांच्या गाण्यांना नभोवाणीवर आडकाठी केली तेव्हा ढाक्यातली माणसं त्याविरुद्ध उभी राहिली होती, इतकी ती गाणी त्यांची. पण तिस्तेच्या पाण्याचा करार २०११ पासून सहीवाचून पडून आहे, तिथे 'सोनार बांगला' कामाला येत नाही. उलट, कबीर आणि गालिब सामाईक असलेल्या भारत-पाकिस्तानने १९६० चा सिंधू पाणीवाटपाचा करार ६५, ७१ आणि ९९ च्या लढायांतून सांभाळला. गालिबमुळे नव्हे, कोणत्या नद्या कुणाच्या हे लिहिलेलं होतं म्हणून. २०२५ च्या एप्रिलात पहलगामनंतर भारताने तोही स्थगित केला, म्हणजे पाळीचा कागदसुद्धा अमर नसतो. आणि युरोप? त्यांनी बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीतली धून आपलं गीत म्हणून घेतली, आधी १९७२ मध्ये, मग १९८५ मध्ये. मूळ कवितेत सगळी माणसं भाऊ होतात. पण अधिकृत गीत म्हणून फक्त सूर घेतले, शब्द नाहीत. शब्द कुठल्या भाषेतले घ्यायचे, इथूनच सुरुवात झाली असती. मला यात कमीपणा वाटत नाही. शहाणपण वाटतं.

ख्रू जायच्या आदल्या दिवशी दोघे माझ्याकडे तर्री-पोह्यांना आले. पहिल्या घासाला ख्रूंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी तर्री पुन्हा मागितली. तिखटाच्या बाबतीत तो देश आमचा सख्खा. कपाटातली ग्रामगीता त्यांनी उघडली आणि नेमकं मागचं पान काढून विचारलं, ही कुठली प्रार्थना? मी विहिरीची हकिकत सांगितली. महाराज १९५५ मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले होते आणि तिथे खंजिरी वाजवली होती, हेही सांगितलं. अशी संधी मी सोडत नाही.

मित्र पोहे खाता खाता थांबला. "हे तं रोहिणीचं पाणी झालं बे."

ख्रूंना 'रोहिणी' शब्द तेवढा कळला आणि त्या ताठ बसल्या. शाक्य आणि कोलीय यांच्यामधली नदी. दोघे एकमेकांचे सोयरे, बुद्धाचे बापाकडचे आणि आईकडचे. दोघांची पिकं सुकायला आलेली, पाणी एकालाच पुरेल इतकं. ख्रूंना लहानपणापासून माहीत असलेल्या कथेत, दोन्हीकडची सैन्यं समोरासमोर उभी राहिल्यावर बुद्ध मध्ये येतात आणि विचारतात, पाण्याची किंमत जास्त की रक्ताची? मित्र म्हणाला, तसं नाही. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये ही लढाई आधी येते. सिद्धार्थ तेव्हा घरातच असतो. संघात युद्धाचा ठराव येतो, तो विरोध करतो, हरतो, आणि म्हणून घर सोडतो. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून नव्हे.

ख्रूंनी ते पुस्तक दीक्षाभूमीच्या स्टॉलवर विकत घेतलं होतं, इंग्रजी. इथे येण्याआधी त्यांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. बाबासाहेबांनी १९५० मध्येच लिहिलं होतं की बौद्धांचं वाङ्मय अफाट आहे, सामान्य माणसाला सोबत बाळगता येईल असा एक ग्रंथ पाहिजे. मग तो स्वतःच लिहिला, आणि तो छापून आला ते गेल्यानंतर, १९५७ मध्ये. त्या ग्रंथाने इंदोरा बांधला, बँकॉकच्या ख्रूंपर्यंत तो पोचलेला नव्हता. ख्रूंना तो खटकत होता, हे दिसत होतं. मत्स्यकन्येची गोष्ट मला खटकली होती तसाच. दोघे तासभर वाद घालत बसले. प्रेत पाहून निघाला की पाण्यावरून निघाला? दोघांचं इंग्रजी मोडकं आणि मधूनमधून पाली. मी चहा ठेवला. एकाच गोष्टीवरून इतक्या आवडीने भांडणारी दोन माणसं मी बऱ्याच दिवसांनी पाहत होतो.

निघताना दोघांनी हात जोडून त्रिसरण म्हटलं. ख्रूंचं 'फुत्थं सरणं खच्छामि', मित्राचं खणखणीत 'बुद्धं सरणं गच्छामि'. दुसऱ्या ओळीपर्यंत दोघांनी लय जुळवून घेतली, उच्चार कुणीच सोडला नाही. मित्राने शेवटी 'जय भीम' म्हटलं. ख्रूंनीही म्हटलं, जरा शोधत शोधत. जिन्यात त्यांनी मला विचारलं, त्याचे गुडघे आता कसे आहेत? तेव्हा मी खरं सांगितलं. त्या दोन पायऱ्या थांबल्या. मग म्हणाल्या, "त्याला डबी ठेवू दे."

डिसेंबरात सीमेवर पुन्हा पेटलं. मी ख्रूंना मेसेज टाकला. भाची पुन्हा छावणीत होती, सुखरूप होती. बस, तेवढंच लिहिलं होतं.

आमच्या विहिरीचं सांगायचं राहिलं. २००९ मध्ये मोठ्या बाबांकडच्यांनी बोअर मारला, पुढच्या वर्षी आम्ही. पाचशे फूट, मग सातशे. स्टार्टर वेगळा, मीटर वेगळं. पाळी संपली, हिशेब संपला, भांडण तर कधीच संपलं. चुलतभावाशी माझं बोलणं लग्नाकार्यापुरतं उरलं, तेही 'बरं आहे ना' एवढंच. विहिरीवर पिंपळ उगवला होता.

परवा जानेवारीत, संध्याकाळी सातच्या सुमाराला, त्याचा फोन आला. आधी वाटलं कुणी गेलं. त्याचा बोअर आटला होता, आमचा नुसती हवा फेकत होता, आणि झाडं ताणावर होती. त्याने दिवसा विहिरीत बॅटरी मारून पाहिली होती. दहा हात पाणी आहे म्हणाला.

"ग्रामगीता तुह्याचजवळ हाये ना? मागचं पान पाहून सांग बरं, सोमवार कोनाचा होता?"

मी चष्मा लावून दिव्याखाली पान धरलं. बॉलपेनने केलेले उधार-उसनवारीचे हिशेब सगळे वाचता येत होते. वरची शाई उडाली होती. 'सोम' दिसत होतं, पुढचं नाव नाही.